हातानं आवळलेला बोल्ट

ब्रेक दाबला की वायपर हलायचा. हॉर्न वाजवला की आतला दिवा लागायचा. डावीकडे वळायचा इशारा दिला की पेट्रोलचा काटा टाकी भरल्यासारखा उठून बसायचा. पितळेच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याची नवी कोरी गाडी अशी वेड्यासारखी वागू लागली, तेव्हा आमच्या कुंभकोणमची दोन-तीन दिवस फुकट करमणूक झाली. ती गाडी मी दुरुस्त केली, असं गावात अजून सांगतात. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो आहे, कारण त्यात एका ड्रायव्हरचं नाव खराब झालं, आणि ते मी केलं.

आमचं घराणं तंजावरच्या मराठ्यांबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घरात कोणी पुराणं सांगे, कोणी कचेरीत कारकून होता. गाडीच्या पोटात हात घालणारा मी पहिलाच. ऐंशीच्या सुमारास पट्टीश्वरमच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या उस्तादाकडे मी हे काम शिकलो. तेव्हाच्या गाड्या भोळ्या होत्या. काही बिघडलं की त्या वासानं नाहीतर आवाजानं लगेच कबुली देत. एक बल्ब आणि दोन तारा एवढ्यावर आमचा दवाखाना चाले. उस्तादाचा नियम एकच होता, "आधी घट्ट आहे का बघ. मग अक्कल चालव."

घट्ट म्हणजे पहिल्यांदा अर्थचा बोल्ट. गाडीत वीज तारेतून जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. बॅटरीची जाड काळी तार एका बोल्टनं पत्र्याला आवळलेली असते. तो सैल झाला की परतीची वाट अडते, आणि वीज मग भलत्याच दिव्यातून, भलत्याच मोटारीतून घरी जायला बघते. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तरीही पुढचं सगळं घडलं.

नव्वदनंतर गाड्या बदलल्या. खिडक्या बटणावर उघडू लागल्या आणि डॅशबोर्डखाली एक काळी बंद पेटी आली. तिला आम्ही सगळे आदरानं कंप्यूटर म्हणायचो आणि लांबूनच बघायचो. व्यापाऱ्यानं अशी गाडी घेतली, तेव्हा कंपनीचं वर्कशॉप लांबच्या शहरात, म्हणून तो माझ्याकडे आला. "मुदलाळी, मी आहे ना," असं मी म्हणालो. मुदलाळी म्हणजे मालक. त्याला सगळं गाव तसंच हाक मारी. मी नुकताच आकडे दाखवणारा मीटर घेतला होता आणि तो शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर राहील असा ठेवत असे.

गाडी चालवणारा ड्रायव्हर स्वामीमलैचा. दहा-बारा वर्षं त्यानं मुदलाळीची मालवाहू व्हॅन हाकली होती, हंडे-घागरी खडखडवत. नवी गाडी आली तेव्हा किल्ली त्याच्या हातात पडली, आणि त्या दिवसापासून तो इस्त्रीचा शर्ट घालू लागला. त्याचा मेव्हणा मूर्ती ओतणाऱ्यांपैकी. त्यानं बोटाएवढा काशाचा मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, करून दिला होता. ड्रायव्हरनं तो डॅशबोर्डवर बसवला, आणि त्याच्या मागे एक लहानसा निळा बल्ब स्वतःच्या हातानं जोडला.

"अण्णा, जोड बरोबर आहे ना?" त्यानं मला दाखवलं होतं.

"फक्कड आहे. माझ्या पोटावर पाय देतोस की काय, तंबी?" मी म्हणालो होतो. धाकट्या भावाला इकडे तंबी म्हणतात. जोड खरंच बरोबर होता.

मग खंडेनवमी आली. बाजारात तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, चंदन-कुंकू लावायचं, फूल वाहायचं. एकदा हत्यार पूजेला बसलं की विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सकाळी ड्रायव्हर गाडी सोडून समोर कॉफी प्यायला गेला. मुदलाळीला आपल्या दुकानासमोर पूजा करायची म्हणून गाडी साफ करून हवी होती, आणि राहुकाल लागायच्या आत हवी होती. मी बॉनेट उघडलं, बॅटरी पुसली, अर्थचा बोल्ट काढून तारेच्या टोकाची कडी घासून लख्ख केली. गाडीचीही पूजाच म्हणून कडीला चंदनाचं बोट लावलं, वर कुंकू. बोल्ट परत बसवला आणि पान्यासाठी हात मागे केला.

पाना पाटावर होता. माझ्या बायकोनं तेवढ्यात सगळी हत्यारं मांडून, प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवून उदबत्तीही लावली होती.

"अगो, एक पाना दे. अर्ध्या मिनिटाचं काम."

"पूजेला बसलेला पाना उचलतां? तुमचे उस्ताद वरून पाहताहेत हो!"

ती बरोबरच बोलत होती. मी बोल्ट बोटांनी जितका आवळता आला तितका आवळला, बॉनेट लावलं आणि मनाशी म्हटलं, उद्या सकाळी पाना लावू. विजयादशमीला दुकानात गर्दी झाली आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली.

चार-पाच दिवसांत चंदन वाळलं. मुदलाळी घरच्यांना घेऊन पट्टीश्वरमला देवीच्या दर्शनाला निघाला. गाडीवर अजून पूजेचा हार होता. गोपुरासमोर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. वायपर झटक्यात उठला, त्यानं हार उचलला आणि काचेवरून असा फिरवला की उतरत असलेल्या मुदलाळीच्या सासूबाईंच्या अंगावर पाकळ्यांचा पाऊस पडला. बाईंना वाटलं, जावयानं खास योजना केली आहे. त्या प्रसन्न झाल्या. परत येताना गाडी तीनदा बंद पडली तेव्हा त्यांची प्रसन्नता संपली.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात. मागून मुदलाळी, ड्रायव्हर, आणि बघायला कॉफीच्या दुकानातलं सगळं गिऱ्हाईक.

"हॉर्न वाजव, हॉर्न वाजव!" कोणीतरी ओरडलं. हॉर्न वाजला, आतला दिवा लागला, टाळ्या पडल्या.

"आता ब्रेक! बघा, वायपर नमस्कार करतो!"

मी मीटर काढला. उस्तादाचा नियम आठवला, आणि मी स्वतःला म्हटलं, अर्थचा बोल्ट तर मीच पूजेच्या दिवशी साफ केला. तिथे काय बघायचं? आपला हात लागला आहे ती जागा निर्दोष, असं मानून मी पुढे गेलो. फ्यूज पाहिले, काळी पेटी लांबून पाहिली. तासभर गेला. लोक वाट बघत होते. मुदलाळी घड्याळ बघत होता. तेवढ्यात माझी नजर निळ्या बल्बवर गेली.

"नव्या गाडीत बाहेरची तार जोडली की असं होतं," मी म्हणालो.

ड्रायव्हर चपापला. "अण्णा, तुम्हीच तर म्हणालात फक्कड आहे."

"जुन्या गाडीत फक्कड. हिच्यात कंप्यूटर आहे."

मुदलाळीनं काही विचारलं नाही. त्यानं हात पुढे केला. ड्रायव्हरनं आधी मुरुगन काढून रुमालात गुंडाळला, मग किल्ली दिली. "उद्यापासून व्हॅनवर," मुदलाळी म्हणाला. कॉफीवाल्यांपैकी एकजण हसला, "वा रे दिवावाले!" ते नाव त्याला चिकटलं.

इथवर ती चूक होती. घमेंडीतली असली तरी चूकच. खोटेपणा दुसऱ्या दिवशी झाला.

मी बल्ब आणि त्याची तार काढून टाकली होती. गाडी तशीच वागत होती. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी हेडलाइट लावून मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकाला आणि दुसरी पत्र्याला टेकवली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. दोन व्होल्ट आले. बोल्टला बोट लावलं. तो दाराच्या कडीसारखा फिरला. कडीखाली चंदनाचा पापुद्रा होता, पिवळा, आत कुंकवाची लाल रेघ. माझ्याच बोटाचा ठसा त्यावर उमटलेला होता.

मी कडी खरवडली, पाना लावून बोल्ट आवळला. ब्रेक दाबला. वायपर गप्प. हॉर्न वाजवला. दिवा गप्प. गाडी शहाणी झाली आणि मी तिथेच स्टुलावर बसून एकटाच हसलो. खरंच हसलो. एवढंसं चंदन, आणि सगळं गाव नाचवलं!

मग मुदलाळी आला. त्यानं गाडी चालवून पाहिली आणि विचारलं, "काय होतं?"

एक वाक्य पुरलं असतं. पण बाहेर तेच लोक उभे होते, आणि मीटर खिशातून अर्धा बाहेर होता.

"त्या बल्बच्या तारेनंच आत घोटाळा केला होता," मी म्हणालो. "शोधून काढला."

त्या दिवसापासून मी नव्या गाड्यांचा मोठा डॉक्टर झालो. तिरुनीलक्कुडीपर्यंतच्या गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या. मुदलाळीनं मला कमरेएवढी पितळेची समई दिली. ड्रायव्हर वर्षभर व्हॅन हाकत राहिला. मग त्यानं ते काम सोडलं आणि स्वामीमलैला भाड्याची गाडी चालवू लागला. रस्त्यात भेटला की तो मान हलवायचा, मी हलवायचो. माझी मान थोडी जास्तच हलायची.

समई घरी राहिली. दर शुक्रवारी बायको ती चिंचेनं घासायला घ्यायची, आणि मला नेमकं तेव्हाच बाहेर काम निघायचं. हे कित्येक वर्षं चाललं. दुकान बंद केलं, गुडघे गेले, तरी शुक्रवारी मी काठी घेऊन उठायचोच. अखेर परवा तिनं विचारलं.

"समई घासायला काढली कीं तुम्ही कोठें पळतां? मजला वाटत होतें, घासायला लागेल म्हणून पळतां. पण आतां तर वाकतांही येत नाहीं तुम्हांस. मग काय आहे हें?"

मी सांगितलं. ती समई तशीच चिंचेत ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाना मीच दिला नाहीं, खरें. पण जीभ तर पूजेला बसलेली नव्हती तुमची."

दुसऱ्या दिवशी मी स्वामीमलैची बस धरली.

ड्रायव्हर ओट्यावर पेपर वाचत बसला होता. केस पांढरे, शर्ट अजून इस्त्रीचा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, बसलो तर धीर जाईल म्हणून.  मग त्यानं पेपराची घडी घातली.

"मला कशाला सांगता?"

"म्हणजे?"

"मी काही केलं नव्हतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, अण्णा. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांगा. इतकी वर्षं लावलीत आणि पत्ता चुकलात!"

त्यानं मला कॉफीही दिली नाही. स्वामीमलैत असं कोणी वागत नाही. म्हणजे त्याला किती लागलं असेल ते ओळखा. मी पुढच्या बसनं परत आलो आणि थेट पितळेच्या दुकानात गेलो.

मुदलाळी आता फार थकला आहे. गादीवर नुसता बसून असतो, धंदा मुलगा बघतो. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी थांबलो नाही, सगळ्यांच्या देखत बोललो. चंदन, बोट, पाना, बल्ब, सगळं. मुदलाळीनं कानामागे हात धरून ऐकलं.

"म्हणजे सासूबाईंवर फुलं उधळली ती तू?"

"होय, मुदलाळी."

तो खोकला येईपर्यंत हसला. मग हसणं ओसरलं. "राहुकालाची घाई मी केली," तो म्हणाला. "आणि किल्ली मीच मागितली. तू तर नुसतं बोललास." त्यानं मुलाकडून ड्रायव्हरला फोन लावून घेतला. मुलानं फोन त्याच्या कानाशी धरला.

"मी बोलतोय. चूक तुझी नव्हती. मला आत्ता कळलं." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मुदलाळी ऐकत होता, मान हलवत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तो म्हणतो, त्या दिवसानंतर त्यानं कुठल्याच गाडीत दिवा लावला नाही. उद्या येऊन लावून दे, म्हणतो. आणि जे झालं ते कागदावर लिही, म्हणतो. कॉफीच्या दुकानातल्या निम्म्या लोकांना आता ऐकू येत नाही."

म्हणून हे लिहिलं आहे.

दिवा लावायला मात्र आधी गेलो. त्याच्या दारात पांढरी गाडी होती, माझ्या काळातल्या गाड्यांपेक्षा कितीतरी शहाणी. तो काशाचा मुरुगन त्यानं त्याच रुमालातून काढला. आता तार सोलायला मला दुप्पट वेळ लागतो. तो शेजारी उभा राहून दिव्याचा उजेड कुठे पडायला हवा ते सांगत होता. निळा बल्ब लागला तेव्हा मुरुगनच्या मागे एवढंसं आकाश उजळलं.

मग मी बॉनेट उघडायला सांगितलं. बोल्ट सापडायला वेळ लागला; या गाड्यांत तो भलत्याच कोपऱ्यात असतो. पाना लावला आणि पाव फेरा आवळला.

"घट्ट आहे?" त्यानं विचारलं.

"घट्ट आहे."

"पान्यानं?"

"पान्यानं."

त्यानं वाकून, चष्मा वर करून स्वतः पाहिलं. कडीवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेऊन वास घेतला.

"चंदन नाही," तो म्हणाला, आणि आत बघून दोन कॉफी सांगितल्या.