बल्बखाली न दिसलेला पिवळा रंग

लढाईची वर्षं होती. सांगलीच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले त्याला दुसरं वर्ष चाललं होतं. चैत्र संपत आला तेव्हा साताऱ्याकडचे एक कारखानदार दोन मोठ्या बाटल्या घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा मुलाम्याचा छोटा कारखाना होता. पलटणीच्या पट्ट्यांची बक्कलं, सायकलींची हँडलं यांना ते निकेल आणि क्रोमियम चढवत. मुलामा दिलेले जिन्नस धुतलेलं पाणी मागच्या ओढ्यात जाई; बाटल्यांत तेच होतं. त्या ओढ्याच्या वाळूत झरे उकरून पिण्याचं पाणी काढणाऱ्या वस्तीनं आता तक्रार केली होती. झऱ्यांना पिवळं पाणी लागत होतं, म्हणून ते पिणं सोडून लोक लांबच्या विहिरीवर जात होते.

प्राध्यापकांनी बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "चुन्यानं काय होतं ते बघा," म्हणाले, आणि दोन दिवसांनी विद्यापीठाचे पेपर तपासायला मुंबईला निघून गेले.

चुन्याच्या निवळीनं निकेल हिरवट गाळ होऊन खाली बसलं. वरचं पाणी मात्र क्रोमियमनं पिवळंच राहिलं. तुरटी घातली, काही झालं नाही. मग नारळाच्या करवंटीचा कोळसा कुटून त्यातून पाणी गाळलं, पुन्हा गाळलं. रंग फिका होत गेला. पाचव्या दिवशी दुपारी कारखानदार निकाल न्यायला आले. बाहेर वळवाचे ढग भरून आले होते, खोलीत अंधार झाला म्हणून मी दिवा लावला. बल्बखाली परीक्षानळी धरली. पाणी स्वच्छ दिसलं.

क्रोमियमची खूण ओळखायची साधी परीक्षा आहे, ती मला पाठ होती. तिला लागणारं शिशाचं द्रावण प्राध्यापकांच्या कपाटात, कुलपात होतं. लढाईमुळे रसायनं मिळत नसत, म्हणून सगळंच कुलपात असे. प्राध्यापक येईपर्यंत चार दिवस थांबा, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण समोर माणूस ताटकळत उभा होता, आणि प्राध्यापक नसताना मी एकटीनं काम पुरं केलं याचा मला अभिमानही वाटत होता. मी चिठ्ठी लिहून दिली: चुना आणि कोळसा वापरल्यास पाणी निर्दोष होते.

चिठ्ठी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी नळ्या धुवायला घेतल्या. ती नळी खिडकीत राहिली होती. सकाळच्या उन्हात तिच्यात स्पष्ट पिवळी झाक होती. मी ती पांढऱ्या कागदावर धरली, खिडकीबाहेर धरली. शेजारी साध्या पाण्याची नळी धरली. शंकेला जागा नव्हती. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पिवळा रंग मला दिसलाच नव्हता.

पोस्टात जाऊन तार केली: पाणी निर्दोष नाही, कोणी पिऊ नये. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. तार पोचली असेल, वाचून खिशात घातली असेल, की अजून पोस्टातच असेल? जेवण जाईना. शेवटी घरी सांगून एकटीच गाडीनं साताऱ्याकडे निघाले. गाडीत मी मनाशी हिशेब मांडत होते, एक माणूस दिवसाला किती पाणी पितं, आणि दर वेळी मध्येच सोडून देत होते.

कारखान्याच्या दारातच कारखानदार भेटले. तार त्यांना मिळाली होती. "वस्तीवर सांगितलंत?" मी विचारलं.

"आज सांगणारच होतो. तुम्हीच तर लिहून दिलंत, बाई. आता लगेच फिरवायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

मी ओढ्याच्या काठानं चालू लागले. पहिल्याच घरापुढे एक पन्नाशीच्या बाई भांडी घासत होत्या. मुलगा पलटणीत, ब्रह्मदेशाच्या बाजूला. आत सून, पंधरा दिवसांची बाळंतीण. मी झऱ्याचं पाणी भरू नका म्हटलं.

"आवं, पर कारखानदारानं चुना-कोळसा टाकून चिठ्ठी दावली की आमास्नी. सांगलीच्या कालिजातल्या बाईनं लिवलंय म्हनून."

"ती मीच. माझं चुकलं."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग उठून आत गेल्या, हंडा, कळशी, माठ एकेक बाहेर आणून पालथं केलं. सगळं झाल्यावर दाराशी थांबून म्हणाल्या, "परवापासनं सून तेच पितीया. पोराला काय हुईल का?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. दुसरं काही खरं बोलता येत नव्हतं.

"कुनाला ठावं आसंल?"

त्या संध्याकाळी मी वस्तीवरच्या प्रत्येक घरी जाऊन तेच सांगितलं. कोणी रागावलं, कोणी नुसतं ऐकून घेतलं. पिण्याचं पाणी आता पुन्हा पाऊण मैलावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणावं लागणार होतं.

प्राध्यापक परतल्यावर मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "उजेड कुठला होता?" एवढंच विचारलं आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. पुढचे तीन आठवडे मी फक्त दिवसाच्या उजेडात काम केलं. रंगाऱ्यांकडे मिळतो तो हिराकस, लोखंडाचा हिरवट क्षार, आधी घातला की पिवळं पाणी हिरवं होई, आणि मग चुना घातला की सगळा गाळ तळाशी बसे. वरच्या पाण्यात शिशाच्या द्रावणाचा थेंब टाकला की पांढरा गढूळपणा येई, क्रोमियमचा पिवळा नाही. तरी मी प्रत्येक परीक्षा तीनदा करी आणि प्राध्यापकांना दाखवल्याशिवाय एक अक्षर लिहीत नसे.

कारखान्यात दोन हौद बांधले. गाळासाठी विटांचा खड्डा ओढ्यापासून दूर काढा, असं मी हट्टानं सांगितलं. त्यांनी तो काढला, पण मला हवा होता तेवढा दूर नाही. दर महिन्याला मी झऱ्यांचं पाणी आणायला जाई. वस्तीवर पोचले की आधी त्या घरात डोकावून मूल बघायचे. ते रडत असलं की का रडतंय ते विचारायचे, झोपलेलं असलं की श्वास चालतोय ना ते बघायचे. मूल वाढत होतं, रांगायला लागलं. त्याचा अर्थ काय काढावा हे मला कोणी सांगू शकलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर सगळे झरे स्वच्छ निघाले. मी बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या मळ्याच्या विहिरीवरून दोन घागरी घेऊन येत होत्या.

"आता भरा झऱ्याचं. मी खात्री केलीय, प्राध्यापकांनीही बघितलंय."

त्यांनी घागरी उतरवल्या, पदरानं घाम पुसला. "आसंल चांगलं. तुमी खोटं न्हाई बोलायच्या," त्या म्हणाल्या. "पर आमी हिरीवरनंच आणतूय."

लढाई संपल्यावर कारखान्याची मागणी गेली आणि तो बंद पडला. माझ्या शेवटच्या फेरीला ते मूल ओढ्याच्या वाळूत खेळत होतं, आणि त्याची आजी काठावरून त्याला वर ये म्हणून हाका मारत होती.