गच्चीवरची अक्षरं

मी चौथीपर्यंत शिकले. वाचता आलं की झालं, अक्षर दिसतं कसं याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. बाजारातल्या पाटीवरचे 'बटाटे' आणि देवळाच्या कमानीवर कोरलेलं नाव माझ्या लेखी सारखंच. पण एका वर्षी पाडव्याच्या आधी मी वेड लागल्यासारखी अक्षरं बघत फिरले. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, रिक्षांच्या पाठी, काही सोडलं नाही. तेव्हा नाशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले होते आणि फॉन्ट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता.

पंचवटीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी दर उन्हाळ्यात कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चिकोड्या करून विकायचे. साध्या पिशवीत भरायचं, दोऱ्यानं बांधायचं. ओळखीची माणसं दारातून घेऊन जायची. सुनेला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. तिनं अंबडच्या कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडली होती, हाच धंदा करून बघते म्हणून. मुलानं स्पष्ट सांगितलं होतं, हा उन्हाळा बघ, जमलं नाही तर परत कारखाना. मी मधे पडले नाही. तिचं ती बघेल म्हटलं.

ती कुरडई तळून डब्यात घेऊन थेट कॉलेज रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेली. मलाही ओढून नेलं. दुकानदारानं उभ्या उभ्या डबा संपवला आणि मग आमची पिशवी दोन बोटांत धरून म्हणाला, "माल एक नंबर, ताई. पण ही मी पुढच्या फळीवर ठेवली तर गिऱ्हाइकाला वाटेल माझा घरचा डबा आहे. नाव पाहिजे, लेबल पाहिजे. बघून हसू आलं पाहिजे माणसाला. पाडव्याला मी पुढची फळी बदलतो. त्याच्या आत आणा, उन्हाळाभर जागा तुमची. नाहीतर दुसरे येऊन गेलेत."

नाव सुनेनं रिक्षातच ठरवलं. 'गच्चीवरचं'.

"हे काय नाव झालं?" मी म्हटलं.

"आई, वाळवतो कुठं आपण?"

"गच्चीवर."

"मग?"

मी रिक्षातूनच दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघायला लागले.

रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्लीत एक छापखाना होता. तिथे कॉम्प्युटरवर एक तरुण मुलगी बसायची. तोंडात सतत बडीशेप, बोलणं तोफेसारखं. सून तिला म्हणाली, "हातानं लिहिल्यासारखं पाहिजे. खेळकर. छापील नको."

मुलीनं एकामागून एक अक्षरं काढून दाखवायला सुरुवात केली. एकच नाव, पण दर वेळी वेगळंच माणूस समोर आल्यासारखं. एक सरकारी, ताठ. एक लग्नपत्रिकेतलं, नटलेलं. एक इतकं जाड की मी म्हटलं, "हे बाई वीटभट्टीला दे." मुलगी खो खो हसली. मला मजा यायला लागली होती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले. मग एक आलं, कुंचल्यानं झरझर ओढल्यासारखं, शेपट्या उडालेल्या. सून ओरडलीच, "हेच!" मलाही आवडलं. मुलगी म्हणाली, "हे आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं." आम्हाला ते कौतुकच वाटलं. काळ्या शाईत नमुन्याची लेबलं काढून घेतली आणि घरी येऊन लगेच पिशव्यांना चिकटवली. टेबलावर रांगेनं मांडून लांबून बघितली, जवळून बघितली.

तेवढ्यात खालची शेजारीण विरजण मागायला आली. दारातच थबकली. टेबलाकडे बघून तिनं पदर तोंडाला लावला.

"अगं बाई! कोण गेलं?"

"कोण जाणार? सगळे आहेत," मी म्हटलं.

"मग ही दहाव्याची पत्रं कुणाची?"

मी लेबलाकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रामकुंडाची गल्ली. त्या छापखान्यात दशक्रियेची पत्रं छापली जात. अख्ख्या पंचवटीला दहाव्याची पत्रं याच अक्षरात येतात. आमच्याच विजेच्या मीटरमागे खोचलेलं एक होतं, ते मी काढून शेजारी धरलं. तीच शेपटी, तोच झोक. आम्ही कुरडयांचा दहावा मांडला होता.

शेजारीण हसून भिंतीला टेकली. सून हसली नाही. ती खाली बसली आणि एकेक लेबल नखानं खरवडायला लागली. पाडवा तोंडावर आला होता.

"रडू नकोस," मी म्हटलं. "उद्या कुरडयांचा चीक शिजवायचाय. गहू भिजलेत. ते फुकट घालवायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कुरडया घातल्या. आमच्याकडे एक रीत आहे. शेवटी साच्यात उरलेल्या चिकात लाल रंग घालायचा आणि गच्चीवर लुडबुडणाऱ्या पोरांच्या नावाचं पहिलं अक्षर काढून द्यायचं. तळून मिळालं की पोरं आपापलं अक्षर खातात. मी तेच काढत होते. साचा दाबत 'स' काढला, त्याच्या तारा सगळ्या बाजूबाजूनं वळल्या, फणीनं केस विंचरल्यासारख्या. सून माझ्या हाताकडे बघत उभी होती.

"आई," ती म्हणाली, "थांबा. पोरांना देऊ नका. 'गच्चीवरचं' काढा."

"कशाला?"

"काढा तर!"

तिचा आवाज असा होता की मी काढलं. हात पोळत होते, चीक निवत चालला होता, तिनं एका बाजूनं प्लॅस्टिक ताणून धरलेलं. वेलांटी जरा वाकडी गेली. 'र' फेंगडा आला. सून म्हणाली, "राहू दे, राहू दे, असंच छान दिसतंय!"

दोन कडक उन्हं मिळाली. अक्षरं खडखडीत वाळली. ती उचलायला गेलो आणि डोळ्यांदेखत एक कावळा उतरला. शेवटचं टिंब चोचीत धरून उडाला.

शेजारीण कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "कावळा शिवला गं! आता काही अडचण नाही, सुटलात!"

या वेळी सूनही हसली. पोट धरून हसली. मी साबुदाण्याच्या चिकोडीतला एक टपोरा दाणा तोडला आणि टिंबाच्या जागी ठेवला.

छापखान्यातली मुलगी आमचं अक्षरांचं ताट बघून उठूनच उभी राहिली. "मावशी, हे स्कॅनरवर ठेवायचं? काच खराब झाली तर मालक मलाच वाळत घालेल." पण तिनंच काचेवर पातळ प्लॅस्टिक अंथरलं, अक्षरं हलक्या हातानं पालथी लावली, वर पांढरा कागद टाकला. पडद्यावर आमचं नाव आलं. लाल, तारातारांचं, फेंगड्या 'र'चं. त्याच्याकडे बघून तुम्हाला हसू आलंच असतं. मुलीलाही आलं. मग तिनं विचारलं, "'ग'चा दांडा तुटलाय, खाऊ का?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं पिशवी हातात घेतली. सून माझा दंड इतका घट्ट धरून होती की नंतर वळ दिसला. त्यानं लेबलावरून अंगठा फिरवला, पिशवी डोळ्यांजवळ नेली.

"हे अक्षर कुठल्या कॉम्प्युटरमधलं?"

"साच्यातलं," मी म्हटलं. "कुरडईचं आहे."

"आणि हे टिंब एवढं टपोरं का?"

"खरं टिंब कावळ्यानं नेलं."

तो आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग हसायला लागला, गल्ल्यावरचा माणूस वळून बघेल एवढ्या मोठ्यानं. पुढच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या त्यानं स्वतः बाजूला सरकवल्या.

बाहेर आल्यावर सुनेनं माझा दंड सोडला. "आई, जाताना गहू घेऊन जाऊ. आजच भिजत घालू."

"घालू," मी म्हटलं. "आधी चहा पाज."