बारा वेळा उठायचं

शेजारचे सलूनवाले नाना बहात्तर वर्षांचे. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि त्यांचं सलून यांच्यात एक पातळ भिंत. त्यामुळे त्यांची बडबड मला फुकटात आणि माझी कुरकुर त्यांना. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन महिने रुग्णालयात अडकल्या. मूलबाळ नाही. डॉक्टर म्हणाले, घरी न्यायचं तर त्यांना उचलून बसवणारं धडधाकट माणूस हवं. नाहीतर शहराबाहेरच्या सांभाळकेंद्रात.

"धडधाकट म्हणजे किती?" नानांनी विचारलं.

त्याचंही माप निघालं. हात छातीशी बांधून, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून बारा वेळा उठायचं-बसायचं. माणसाचा दम असा खुर्चीवर मोजतात हे ऐकून माझं डोकंच फिरलं. नानांना मात्र हुरूप आला.

"शाळेत उठाबशा काढूनच मोठा झालोय मी. घड्याळवाले, तुम्ही फक्त वेळ मोजा."

मग रोज सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत, सलूनच्या खुर्चीवर सराव. पहिल्या दिवशी नऊ. आठवड्यात अकरा. पंधराव्या दिवशी चौदा! नाना धापा टाकत हसत होते, आणि माझ्यासारखा खडूस माणूसही स्वतःच्या खिशातून चहा मागवून मोकळा झाला. त्यांनी घरी वहिनींचा पलंग खिडकीशी सरकवला. संध्याकाळी वॉर्डात जाऊन चौदाचा आकडा सांगूनही आले.

चाचणीला मी बरोबर गेलो. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची आणि फिजिओथेरपिस्ट बाई. पहिले चार बरे गेले. पाचव्याला मांड्या थरथरल्या. सहाव्याला नानांनी हात टेकला, म्हणून बाईंनी ते उठणं मोजलं नाही. सातव्याला अर्धवट उठले आणि धपकन खाली बसले.

"पाच," बाई म्हणाल्या.

"तुमची खुर्ची खोटी आहे. माझ्या खुर्चीवर घ्या. चौदा होतात, यांना विचारा."

मीही तावातावाने भांडलो. बाई भल्या, दुसऱ्या दिवशी टेप घेऊन सलूनमध्ये आल्या. नाना खुर्चीपाशी गेले आणि बसण्याआधी त्यांच्या पायानं खालचा दट्ट्या तीनदा दाबला. खुर्ची वर आली. चव्वेचाळीस वर्षं केस कापायला उभं राहायचं म्हणजे आधी खुर्ची वर घ्यायची. पाय आपोआप जायचा, त्यांना पत्ताही नसायचा. रोज हेच झालं असणार. आणि मी? मी काट्याकडे बघत बसलो होतो. जन्मभर भिंग लावून बारीकसारीक बघणारा मी! स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

बाईंनी माप घेतलं. रुग्णालयातल्या खुर्चीपेक्षा पाच बोटं उंच, म्हणजे उठायला तेवढीच सोपी. त्यांनी ती खाली घ्यायला लावली. पुन्हा पाचच.

"आजोबा, घरातला पलंग याहूनही बुटका असेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

निकाल आजींना तुम्हीच सांगा, घरच्या माणसाकडून कळलेलं बरं, असं बाई जाताना म्हणाल्या. नाना मला म्हणाले, "तुम्ही सांगा." मी नाही सांगितलं. त्यांनीही नाही. दोघेही भेकड.

सांभाळकेंद्रात न्यायच्या दिवशी वहिनी केस विंचरून तयार होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "आमच्या ह्यांचे चौदा झाले, म्हणून सोडतायत." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

गाडीत नाना त्यांच्या पायाशी बसले, मी ड्रायव्हरशेजारी. आमच्या चौकातून गाडी सरळ गेली.

"अहो, आपलं वळण गेलं," वहिनी म्हणाल्या.

"पुढून वळवतील," नाना म्हणाले.

पुढे एक चौक आला, मग दुसरा. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही.