गोणपाटातले शंभर दाणे

डेटाबेस सांभाळणं हा माझा धंदा. देऊळगाव राजात बसून मी दहा-बारा ठिकाणचे सर्व्हर पाहतो आणि जाईन तिथे तोऱ्यात सल्ले देतो. सर्व्हर आणि फ्रिज एका बोर्डावर लावू नका. यूपीएसची बॅटरी फुगायची वाट पाहू नका. डिस्क गच्च भरू देऊ नका. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, कारण आग लागली तर ती शेजारचं कपाट सोडत नाही. हे सगळं मी स्वतः पाळतोही. तरी माझी फजिती झालीच, आणि ती बायकोच्या सोयाबीनमुळे उघडी पडली.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी घरातूनच वधू-वर सूचक केंद्र चालवतात. माझं लग्न त्यांनीच जुळवलं. नाव, गाव, शिक्षण सगळीच केंद्रं लिहून घेतात. गुरुजी आपल्या वहीत शेवटी एक शेरा लिहितात, आणि लोक त्या शेऱ्यासाठीच त्यांच्याकडे येतात. 'मुलगी मोकळी, सासरी हसणारं माणूस हवं.' 'मुलगा चांगला, मामाला बोलणीत आणू नये.' स्वतःचा शेरा मात्र कोणी पाहायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा मी त्यांच्या घरी एक लहानसा सर्व्हर लावून दिला. त्यांच्या सूनबाईंनी वर्षभर बसून सगळं टाइप केलं. आता वह्या कशाला, असं मीच म्हणालो, आणि आठवडाभर त्यांच्या घरचा अंघोळीचा बंब त्या वह्यांवर तापला. तीस वर्षांचे शेरे उरले ते फक्त त्या सर्व्हरवर आणि माझ्या बॅकअपमध्ये.

बॅकअप रोज आपोआप माझ्या लॅपटॉपवर यायचा. हिरवी खूण दिसायची. फाइल अगदी इवलीशी असायची, आणि त्याचा मला उलट अभिमानच होता.

यंदा पेरणीच्या तोंडावर गुरुजींचा फोन आला, की यंत्र कटकट वाजतंय. म्हणजे डिस्क जायला आलेली. रविवारी नवी बसवतो, बॅकअप आहे, तुम्ही निवांत राहा, असं मी त्यांना सांगून टाकलं.

त्या रविवारी सकाळी बायको ओसरीवर गोणपाट उलगडत बसली होती. ती दुसरबीडची, शेतकऱ्याची लेक. आमच्या चार एकराचं बियाणं तीच पाहते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर असले तर पेरायचं, नाहीतर नाही. आपणच पिकवलेलं, आपल्याच घरात ठेवलेलं, त्याचं काय तपासायचं, असं मी तिला चिडवलं.

मोड मोजता मोजता, मान वर न करता ती म्हणाली, "घरचं हाय म्हणूनच तपासा लागते. तुमचा तो बॅकअप कधी उगवून पाह्यला का तुमी?"

माझा राग नाकावरच असतो. माझ्या धंद्यात मला शिकवू नको, असं काहीबाही बोललो आणि तिचं तोंड बंद करायला तिच्यासमोरच बॅकअप उघडला. नाव, गाव, शिक्षण, शेरा, सगळे रकाने जागच्या जागी होते. माणूस एकही नव्हता. पहिल्या दिवशी चाचणी म्हणून मी नुसत्या रिकाम्या तक्त्याची प्रत घ्यायचा पर्याय निवडला होता, तो बदलायचाच राहिला. चार वर्षं मी इमानेइतबारे कोरी वही जपत होतो.

गुरुजींचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण तेवढ्यात लाइट गेली तर? डिस्क अडकली तर? बंबात गेलेल्या वह्या काही परत येणार नव्हत्या. चहा तसाच टाकून मी पळालो.

डिस्क कटकटत का होईना, चालू होती. तासाभरात पूर्ण प्रत लॅपटॉपवर उतरली. तो तासभर मी पंख्याखाली घामाघूम बसून होतो. मग बायकोचीच रीत धरली. प्रत नव्याने उघडली, कुठूनही शंभर नोंदी काढल्या आणि एकेक शेरा गुरुजींना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकायचे आणि ओळखीचा शेरा आला की मान हलवायचे. शंभरच्या शंभर उगवल्या. दुपारी ती डिस्क जी गप्प झाली ती झालीच.

तेव्हा कुठे मी खरं काय ते सांगितलं आणि वह्या जाळायला लावल्याबद्दल माफी मागितली. मला फार लाज वाटत होती. गुरुजींनी एवढंच विचारलं, की हे ध्यानात कसं आलं. मी गोणपाटाची हकिगत सांगितली, तसे ते खो खो हसत सुटले.

"आता तुझी नोंद काढ," ते म्हणाले. "आज नियम माफ."

मी काढली. शेरा वाचून दाखवताना माझा आवाज हळूहळू बारीक होत गेला. 'मुलगा हुशार, मनाने साफ, डोक्याने गरम. स्वतःचं काम तपासून पाहत नाही. दुसरबीडची मुलगी दाखवावी.'