पुठ्ठ्यावरचा पासवर्ड

आमच्या वहिनीच्या दुकानात कागद काढायला आलात, तर बाकीचे म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, की ही बाई जरा खुळीच आहे. प्रिंट हातात दिली की ती कॉम्प्युटरचा पडदा तुमच्याकडे फिरवते, तुमची फाईल तुमच्यादेखत पुसते, मग पुसलेल्या फाईली जिथे जमतात तिथूनही काढून टाकते आणि विचारते, "पाहिलंत ना?" मागे रांग खोळंबलेली असते. कुणी म्हणतं, "अहो, असू द्या ना, पुढच्या वेळी उपयोगी पडेल." ती म्हणते, "पुढच्या वेळी परत आणा." एका वकिलाचा कारकून तर भडकलाच. "माझ्या कागदांत काय खजिना लपलाय का?" वहिनी म्हणाली, "ते मला कशाला सांगता? मला ते वाचायचेच नाहीत." तो पाय आपटत गेला आणि चार दिवसांनी मुकाट्याने परत आला. जाणार कुठे? इतकी सुबक छपाई दुसरं कोण करून देतं?

मी तिची नणंद. झेरॉक्सचं मशीन माझं, कॉम्प्युटर तिचा. ती नाकासमोर चालणारी, मी तोंडाची फटकळ, त्यामुळे गिऱ्हाईक सांभाळायचं काम तिचं आणि तोडायचं माझं, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. त्याला काय जातंय म्हणायला! तर हा फाईली पुसायचा हट्ट वहिनीला पहिल्यापासून नव्हता. तो लागला माझ्यामुळे. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

आमचं दुकान सरकारी कचेरीच्या समोर. अर्ज, करारनामे, दाखले, सगळ्यांना सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. लोक आपापल्या फोनवरून कागद दुकानाच्या ईमेलवर पाठवायचे आणि वहिनी एकेक उघडून छापायची. गर्दी झाली की तिची नुसती तारांबळ. म्हणून मी अक्कल चालवली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत दुकानाचा ईमेल आणि खाली पासवर्ड लिहिला आणि तो कॉम्प्युटरशेजारी भिंतीला चिकटवला. ज्याला घाई असेल त्याने स्वतः बसावं, आपला कागद शोधावा, छापावा. वहिनी एकदा म्हणाली होती, "अगं, यात सगळ्यांचंच दिसतं." मी म्हणाले, "लोकांना दुसऱ्याचे अर्ज वाचायला वेळ आहे का?" दोन वर्षं पुठ्ठा भिंतीवर होता आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते.

त्या दिवशी दुपारी वहिनी कागदाची रिमं आणायला गेली होती. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. "ताई, एकच कागद आहे, मी काढून घेऊ?" माझ्यापुढे जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स चालू होती. मी खुर्ची दाखवली. माझ्याच हाताने दाखवली!

वहिनी रिमं घेऊन आली, त्याच्या पाठीमागून पडद्याकडे पाहिलं, आणि रिमं खाली ठेवून सरळ भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"लाईट गेली वाटतं," तो हसून म्हणाला.

"गेली," वहिनी म्हणाली. "आज येणार नाही."

तो आरामात उठून गेला. मी तिच्यावर खेकसले, "अगं, गिऱ्हाईक होतं ते!" ती पांढरीफटक पडली होती. "बटणताईचा नवरा होता तो," ती म्हणाली. "वर तिचं नाव टाकून शोधत होता."

बटणताई आमची जुनी गिऱ्हाईक, कारखान्यातले शर्ट घरी आणून त्यांना बटणं लावते. नवऱ्याने तिचा हात मोडल्यावर ती म्हाताऱ्या आईला घेऊन निघून गेली. त्याच्याविरुद्धचा अर्ज वहिनीनेच टाईप केला होता, त्याचा फोटोही तिनेच चिकटवला होता, म्हणून तिने त्याला ओळखलं. बटणताईचे कागद पहिल्यापासून आमच्याकडेच होतात, हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक. आणि मागच्याच आठवड्यात तिने आईच्या पेन्शनसाठी नव्या भाड्याच्या घराचा करारनामा आम्हाला पाठवला होता. पत्त्यासकट.

"पण प्रिंट तर निघालीच नाही," मी म्हणाले. "तू वेळेवर आलीस. सुटलो बाई!"

वहिनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहत होती. "त्याने फोन बाहेर काढला होता?"

काढला होता. जरा वर धरलाही होता. मला वाटलं, रेंज बघतोय.

मग तिची जी चक्रं फिरली! कॉम्प्युटर चालू केला, पासवर्ड बदलायला घेतला, तर खात्री करायला कोड पाठवलाय म्हणून पाटी आली. खातं उघडलं होतं दादाच्या नंबरवर. दादा कारखान्यात, आणि तिथे सगळ्यांचे फोन फाटकावरच्या कप्प्यांत जमा. वहिनी मला म्हणाली, "इथून हलू नकोस. मी सांगेन ते टाईप कर." आणि पदर खोचून धावत सुटली.

पुढचं मला नंतर दादाने सांगितलं. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, सुट्टी झाल्याशिवाय आतल्या माणसाला बोलावता येत नाही. वहिनी म्हणाली, "बोलावू नका. मी इथे उभी राहून त्यांच्या नावाने हाका मारते, ऐकू गेलं तर येतील." एरवी दुकानात हिचा आवाज मला ऐकू येत नाही, आणि तिने तिसरी हाक मारेपर्यंत पहारेकऱ्यानेच फोन उचलून आत निरोप दिला. दादा धापा टाकत आला. "कोण गेलं?" म्हणाला. "अहो, कुणी जाऊ नये म्हणूनच आलेय," ती म्हणाली. "फोन उघडा."

तिने मला दादाच्या फोनवरून आकडे सांगितले, मी टाईप केले. पासवर्ड बदलला. मग ती म्हणाली, "खाली बघ. आपलं खातं आत्ता कुठे कुठे उघडं आहे?" तीन नावं होती. एक आमचा कॉम्प्युटर, एक दादाचा फोन, आणि तिसरा कुणाचा तरी फोन, वीस मिनिटांपासून. मी तो खात्यातून बाहेर काढला. पण वीस मिनिटं पुष्कळ होतात.

ती परत येईपर्यंत मी बटणताईला पाच वेळा फोन लावला. उचलेना. वहिनी आली तशी मी म्हणाले, "कदाचित त्याने ते उघडलंही नसेल. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? आणि कळलं तर आपल्या दुकानाची काय पत राहील?" खरं सांगते, मला तिच्यापेक्षा जास्त माझी भीती वाटत होती.

"उघडलं असेल की नसेल, ते धरून तिने राहायचं की निघायचं, हे आपण इथे बसून ठरवायचं?" वहिनी म्हणाली. एवढ्या करड्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तिने भर दुपारी शटर ओढलं. वाटेत रिक्षात एका मैत्रिणीला फोन केला आणि दोन माणसांची सोय करून ठेवली. ती मैत्रीण कोण आणि राहते कुठे, ते मी इथे सांगणार नाही. मला तर वहिनीने अजूनही सांगितलेलं नाही.

बटणताई खोलीत शर्टांच्या ढिगात बसली होती. फोन कुठेतरी त्या ढिगाखाली. आई खिडकीशी खाटेवर. वहिनी दारातूनच बोलली, एका दमात. "तुझा नवरा दुकानात आला होता. आमच्या पासवर्डाचा फोटो काढून नेला. तुझा करारनामा त्याने पाहिला असणार. पासवर्ड आम्ही भिंतीवर लावून ठेवला होता. चूक आमची आहे."

"पुठ्ठा मी..." मी तोंड उघडलं. वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "दुकान माझं आहे," म्हणाली.

मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. बटणताईने हातातल्या बटणाचा दोरा दाताने तोडला. "किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

ती उठली आणि खाटेखालून बॅग ओढली. बॅग भरलेलीच होती.

"हे तिसरं घर," ती म्हणाली. "आधीची दोन त्याला कुणाकडून कळली, ते मला आजपर्यंत माहीत नाही. कुणी सांगायला आलंच नाही." तिने बॅग खांद्याला लावली आणि वहिनीकडे वळली. "आईचा एक हात धर. जिना तिला एकटीला उतरता येत नाही."