तीन मिनिटं, मग डिपस्टिक

खडकीला पोस्टिंग झालं तेव्हा मी नायक होतो. ट्रेड, व्हेइकल मेकॅनिक. आमच्या शेडमध्ये चौदा मोटारसायकली होत्या, सगळ्या साडेतीनशे सीसीच्या, जुन्या लोखंडी इंजिनाच्या. त्यातल्या काही नोकरीत माझ्याहून सीनियर होत्या आणि तसाच तोरा मिरवायच्या.

सिव्हिलियन लोकांना वाटतं, फौजेत भीती म्हणजे गोळीची. अहो, गोळीच्या वेळी निदान समोर शत्रू असतो. मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलो ते इथं पुण्यात, नगर रोडवर, सकाळी साडेआठला. आणि घाबरलो ते माझ्याच हाताने केलेल्या कामाला.

आधी रोजचं काम सांगतो. गाडी बाहेर पडण्यापूर्वीच्या तपासणीला आम्ही फर्स्ट परेड म्हणायचो. वाटेत थांबून करायची ती हॉल्ट परेड. परत आल्यावर लास्ट परेड. तेल, प्लग, क्लचची केबल, चेनचा ताण, टायरची हवा, नटबोल्ट. प्रत्येक गाडीखाली पत्र्याचा ट्रे असायचा. रात्रीतून थेंबभर तेल गळलं तरी सकाळी ट्रेमध्ये दिसायचं. तेलाची पातळी बघायला डिपस्टिक, म्हणजे खुणा केलेली पट्टी. सगळं झालं की मेकॅनिकने सही करायची. सहीनंतर गाडी रायडरची, पण जबाबदारी मेकॅनिकची.

आमचा डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटारसायकलवरून डाक पोचवणारा डीआर, होता लान्स नायक रफिक मुलाणी. येरवड्याचा. घर इतकं जवळ की डबा घरून यायचा आणि अर्धा आम्हीच संपवायचो. मला उस्ताद म्हणायचा, पण टिंगल करताना हुद्दा बघायचा नाही. हॉल्ट परेड मनापासून करणारा शेडमध्ये तो एकटाच. दहा किलोमीटर गेला तरी उतरून गाडीभोवती फेरी मारणार. आम्ही त्याला विचारायचो, "प्रदक्षिणा झाली का रे?"

तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवरून परत आला तो सोमवार होता. वाघोलीच्या पुढे एका कॅम्पला डाक पोचवायची होती. त्याची गाडी तीन आठवडे जागची हललेली नव्हती. मला आणखी पाच गाड्या सोडायच्या होत्या आणि सुभेदार साहेब घड्याळ बघत उभे होते. मी डिपस्टिक काढली. कोरडी. पाऊण लिटर तेल ओतलं, सही केली. पावणेआठला रफिक गेटबाहेर.

आठ वाजता मी ट्रे साफ करायला वाकलो. त्याच्या गाडीचा ट्रे ठणठणीत कोरडा होता.

तेल गळलं नव्हतं. मग गेलं कुठं?

जुन्या इंजिनात तेलाचा कप्पा वेगळा आणि क्रँकचा वेगळा. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरतं. पट्टी कोरडी दिसते, पण तेल सगळं आतच असतं. म्हणून आधी इंजिन तीन मिनिटं चालवायचं, तेल जागेवर येऊ द्यायचं आणि मग मोजायचं. ट्रेडच्या पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट. मी भरलेल्या इंजिनात आणखी पाऊण लिटर ओतलं होतं. इंजिन तापलं की जादा तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या, नळीतून बाहेर फेकलं जाणार. आणि ती नळी उघडते मागच्या टायरपाशी.

तेल लागलेला टायर, नगर रोड, सकाळचे डंपर. पुढचं मला दिसायला लागलं.

ड्युटीवर मोबाइल जमा करावा लागायचा. रफिककडे वायरलेस सेट नव्हता. मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"सर, डीआरच्या गाडीत फॉल्ट आहे. जीप पाहिजे."

"काय फॉल्ट?"

"ऑइल, सर."

"कुणामुळे?" असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. "जा," एवढंच म्हणाले.

येरवड्याच्या पुलावर जीप अडकली. मी जीपमधला सेट उचलला.

"कंट्रोल, ब्राव्हो. डीआर कॅम्पला पोचला का? ओव्हर."

"निगेटिव्ह, ब्राव्हो. ओव्हर."

पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. निगेटिव्ह. तिसऱ्यांदा विचारल्यावर कंट्रोलवाला वैतागला, "पोचल्यावर सांगतो ना. आउट."

मी रस्त्यावर तेलाचे थेंब शोधत होतो आणि ते दिसू नयेत म्हणून देवाचा धावाही करत होतो. खराडीच्या अलीकडे गर्दी दिसली. एक मोटारसायकल आडवी, लोक वाकून बघतायत. ड्रायव्हरने जीप थांबवायच्या आत मी उडी मारली. दुधाचे कॅन रस्त्यावर लवंडले होते. दूधवाला होता, गुडघा फुटला होता, शिव्या देत होता. रफिक नव्हता म्हणून मला आनंद झाला. दुसऱ्याचं रक्त बघून झालेला तो आनंद आठवला की अजून लाज वाटते.

वाघोली ओलांडली. नऊ वाजत आले होते. रस्त्याच्या कडेला एका टपरीपाशी ऑलिव्ह ग्रीन गाडी स्टँडवर उभी दिसली. रफिक मांडी घालून बसला होता आणि फडक्याने मागचा टायर पुसत होता.

मी जीपला टेकून उभा राहिलो.

"या उस्ताद," तो मान वर न करता म्हणाला. "तेलाचा घाणा कधी काढलात? सांगायचं तरी, बाटली घेऊन आलो असतो."

"रफिक, लागलं का कुठं?"

"वळणावर मागचं चाक किंचित हललं. थांबलो, प्रदक्षिणा घातली. बघतो तर टायरला अभिषेक." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं. "बसा आधी. चहा घ्या."

टपरीवाल्याकडून रिकामा डबा घेतला, इंजिन चालवून जादा तेल काढलं, टायर साबणाने दोनदा धुतला. निघताना तो हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, तीन मिनिटं चालवा, मग डिपस्टिक. घाई असली तर डाक उशिरा जाऊ द्या. आमच्या घरी डबा भरणारं कुणीतरी आहे."

गाडीच्या लॉगबुकात त्याने लिहिलं: हॉल्ट परेडमध्ये तेल जास्त आढळले, काढले. माझं नाव कुठंच नाही. मीही साहेबांकडे गेलो नाही. घाबरलो. दुसरं कारण देता येईल, पण ते खोटं ठरेल.

दोन वर्षांनी रफिकची बदली उत्तरेला झाली. कॉन्व्हॉयच्या पुढे मोटारसायकलवर पायलट म्हणून जायचा. एके दिवशी दुपारी त्याच्या युनिटमधल्या ओळखीच्या हवालदाराचा फोन आला. रफिक गेला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी कुणी चेक केली होती?"

"अरे, दरड कोसळली अंगावर. गाडीचा काय संबंध?"

गाडीचा संबंध नव्हता. तरी त्या रात्री मी मनातल्या मनात ती गाडी पुन्हा पुन्हा तपासली.

येरवड्यात त्याचं दफन झालं. घराच्या पडवीत त्याची स्वतःची जुनी मोटारसायकल होती, त्याच इंजिनाची. त्याच्या बायकोला, शबाना भाभींना, ती विकायची नव्हती. मी म्हणालो, बंद राहिली तर जाम होईल, रविवारी येऊन चालवत जाईन. वर्षभर गेलो. एका रविवारी भाभींनी विचारलं, "भाऊजी, दर आठवड्याला कशाला त्रास घेता?"

तेव्हा सांगितलं. ट्रे, पाऊण लिटर, लॉगबुक, सगळं. मान खाली घालून, रिपोर्ट दिल्यासारखं. वाटलं, आता या घराचा दरवाजा आपल्याला बंद.

"मला माहीत आहे," भाभी म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. हसून हसून पुरेवाट झाली होती. मी चिडले, म्हटलं, पुन्हा त्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. तर म्हणाले, आता त्याच्याच हातात देणार. तो इतका घाबरलाय की आयुष्यात पुन्हा चुकायचा नाही."

भाभी चहा ठेवायला आत गेल्या.

आता मी रिटायर झालोय, वाघोलीला राहतो. अजूनही रविवारी आठ वाजता येरवड्याला रफिकच्या घरी असतो. शहिदांसाठी लोक दोन मिनिटं मौन पाळतात, चांगलंच आहे. मी किक मारतो, घड्याळ बघतो आणि तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून त्याच्याजवळ उभा राहतो. मग बंद करतो आणि डिपस्टिक काढतो. तेल खुणेवर असतं. तरी गाडीभोवती एक फेरी मारूनच निघतो.