निल्याच्या सोलोची बादली

निल्या गेला तेव्हा माझ्या हातात पाण्याची बादली होती.

आज वर्ष झालं.

बोनकोड्यात आम्ही एकाच गल्लीतले. मी कॉलेज अर्धवट टाकून, मिळेल तो जॉब करत बॅग घेऊन फिरत राहिलो, तो घाटावरच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये पायलट व्हायला गेला.

तिथं पद्धत आहे. शिकवणारे सर बाजूला नसताना पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून उतरवलं, की पोरं अंगावर बादली ओततात. त्या एकट्याने उडवण्याला सोलो म्हणतात.

निल्याने फोन करून दम दिलेला. कुठंही अस, पहिली बादली तूच ओतायची.

गेलो. रात्रभर एसटीने. (स्टँडवरचा गुळाचा चहा एक नंबर होता. असो.)

त्यानेच मला एकदा समजावलेलं. लँडिंगला विमान आपटून उसळलं तर नाक खाली दाबायचं नाय. फुल पॉवर द्यायची, वर जायचं, फेरी मारून परत यायचं. गो अराउंड. त्यात लाज नाय.

मी जॉब सोडला, घरच्यांनी बोलणं टाकलं, तेव्हा पण फोनवर हेच.

"तू फेल नाय रे. तू गो अराउंड करतोयस. टेन्शन नको घेऊ."

सोलोच्या दिवशी त्याची चाकं टेकली. विमान उसळलं.

माझ्या शेजारचा पोरगा हळूच बोलला, "वर जा. वर जा ना."

नाक खाली आलं. पुढचं चाक मोडलं. विमान उलटं झालं.

आम्ही धावलो. मी बादली घेऊनच धावलो. पाणी सगळं माझ्याच पँटवर.

त्याने नाक का दाबलं, माहीत नाय. घाबरला असेल. आम्ही सगळे बघत होतो म्हणून पण असेल.

घरी त्याला शेवटची आंघोळ घालताना नातेवाईक पुढे झाले. त्याच्या बाबांनी सगळ्यांना थांबवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"पयलं पानी तू टाक. तुलाच बोललेला ना तो."

टाकलं.

आता करंजाड्यात रूम घेतलीय. नवीन एअरपोर्टची विमानं वरून जातात. परवा एक खाली येता येता परत वर गेलं. बाल्कनीत मी एकटाच. मोठ्याने बोललो, गो अराउंड.

कोणी काय विचारलं नाय.

काल परत जॉब सोडला, निल्या. फोन हातात घेतला, आणि मग इथं लिहायला बसलो.

चल, ठेवतो.